पुढचं डावं चाक

आवाज पहिल्यांदा कधी आला ते मला नक्की सांगता येणार नाही. 2024 च्या जुलै अखेरीस मी तो ऐकला असेल, पण ऐकूनही रस्त्याच्या खात्यावर टाकून दिला. मूर्तिजापूरहून मान्याच्या दिशेनं निघालं की हायवे गुळगुळीत आहे. जून 2022 मध्ये याच रस्त्याच्या कामाचा विक्रम झाला होता. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना असं एका पट्ट्याचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकलं आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आमची गाडी मात्र हायवे सोडून आत वळते आणि तिथं विक्रम संपतो. आतली दोन-अडीच किलोमीटरची सडक पावसाळ्यात काळ्या मातीनं भरते. मध्ये एक नाला आहे. त्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असलं तर अब्बा खाली उतरून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन आधी स्वतः चालून पाहतात, मग गाडी घालतात. अशा रस्त्यावर एखादा आवाज जास्तीचा आला तर कोण हिशेब ठेवणार?

गाडी म्हणजे मारुती ओम्नी, 2012 ची. ही गाडी 1984 साली आली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं, ओम्नी हे नाव चार वर्षांनी मिळालं आणि 2019 मध्ये कंपनीनं ती बनवणं बंद केलं. आमच्याकडे आजही लोक तिला व्हॅनच म्हणतात. अब्बांनी तिच्यावर मूर्तिजापूर-अकोला पेशंट नेले, वरातीतले पाहुणे नेले, एकदा कारंज्याहून चार बकऱ्याही आणल्या. गेल्या सहा वर्षांपासून ती सकाळी मुली आणते.

या मुलींबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा आहे, पण ती सातवीपर्यंत. आठवीसाठी शहरात यावं लागतं. मुलगे सायकलनं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, काळी-पिवळीला लटकून कसेही येतात. मुलींचं शिक्षण मात्र सातवीच्या निकालाबरोबर संपायचं. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी त्या गावात चार-पाच घरी जाऊन बसले. शिकवायला कुणाची ना नव्हती. प्रत्येक घरात एकच प्रश्न होता, आणणार कोण आणि सोडणार कोण? शेवटी एका मुलीच्या दादीनं तोडगा काढला. गाडी तुझ्या बापाची असेल आणि गाडीत तू स्वतः बसशील तर आमची पोरगी येईल. तेव्हापासून मी सकाळी सव्वासहाला अब्बांच्या डाव्या बाजूला बसून त्या गावाला जाते आणि सहा मुलींना घेऊन शाळेच्या प्रार्थनेला परत येते. मागच्या दोन सीटांवर समोरासमोर तीन आणि तीन मुली. त्या वर्षी त्यांतल्या दोघी दहावीत होत्या.

आवाज प्रथम ओळखला तो याच मुलींनी. आठवीतली एक म्हणाली, "मिस, गाडी उजवीकडे वळली की गाणं म्हणते, डावीकडे वळली की चूप बसते." सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी कान देऊन बसले. पोरीचं म्हणणं खरं होतं. चाळीसच्या वर वेग गेला की माझ्या पायाखालून घुंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, दळणाच्या चक्कीसारखा, आणि उजव्या वळणावर तो वाढायचा. ओम्नीत पुढची चाकं समोर नसतात, पुढे बसणाऱ्याच्या बुडाखालीच असतात. आवाज माझ्या बाजूनं येत होता.

"अब्बा, आवाज येतोय."

"कौनसी आवाज?"

"चाकातून. घूं घूं अशी."

त्यांनी आरशात मागे पाहिलं, मग समोर. "रोड का आवाज है बेटा."

जी गोष्ट मी महिनाभर स्वतःला सांगत होते तीच ते मला सांगत होते, म्हणून मी गप्प राहिले. पण मी ऐकून तसं म्हणत होते आणि ते न ऐकता म्हणत होते, हा फरक त्या दिवशी माझ्या लक्षात आला नाही.

तो लक्षात आला आठ-दहा दिवसांनी. गावात शेवटची मुलगी चढत होती. सरकता दरवाजा अर्धा उघडा, तिचा एक पाय आत, दप्तर खांद्यावरून घसरलेलं, आणि अब्बांनी गाडी सोडली. मागून पाचही जणी ओरडल्या, "चाचा, रुको!" गाडी पुढे जातच राहिली. मी त्यांचा दंड धरून हिसका दिला तेव्हा ब्रेक लागला. मुलगी पडली नाही, दरवाज्याच्या दांड्याला लोंबकळून चार पावलं फरफटली. चप्पल मागे राहिली होती. अब्बा उतरले, चप्पल उचलून आणली, पुसली, तिच्या पायाशी ठेवली. तोंडातून शब्द नाही. पाच मुली एका वेळी ओरडतात तेव्हा किती आवाज होतो ते मला ठाऊक आहे, मी रोज वर्गात ऐकते.

त्या रविवारी मी म्हटलं, चला, मिस्त्रीकडे जाऊ. मी चाकाबद्दलच बोलत होते. निदान तोंडानं तरी.

मिस्त्रीचं गॅरेज स्टेशनच्या बाजूला आहे. तिथून नॅरोगेजची, म्हणजे आमच्या शकुंतलेची लाईन दूर नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला जायचा, एक यवतमाळला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, मग डिझेलवर, आणि आता रुळांत गवत आहे. माझे आजोबा रेल्वेत तेलवाले होते. गाडी स्टेशनात आली की डब्याच्या एकेका आसाच्या पेटीला हाताची मागची बाजू लावत ते गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. पेटी तापलेली लागली की तिथं काहीतरी घासतंय असं समजायचं. तळहाताला घट्टे असतात, हाताच्या पाठीला नसतात, म्हणून मागची बाजू. हे मला अब्बांनी लहानपणी सांगितलं होतं. मला ते तेव्हा ताप पाहण्यासारखं वाटलं होतं.

मिस्त्रीनं गाडी चालवून पाहायची तसदी घेतली नाही. जॅक लावून डावं चाक जमिनीपासून उचललं, एक हात चाकाच्या वर आणि एक खाली धरून हलवलं. चाक किंचित डुललं, टक् टक् वाजलं. "बेरिंग गेलं मॅडम, दुसरं काय." मग तो उजवीकडे जाणार तोच अब्बा पुढे झाले. त्यांनी बाही सारली, डावा हात चाकामागून आत घालून स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्या हातानं चाक फिरवलं. ओम्नीचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यामुळे पुढची चाकं उचलली की बोटानंही मोकळी फिरतात. अब्बांनी डोळे मिटले होते. चाक थांबल्यावर म्हणाले, "दाने पड़ गये." मग उजव्या चाकाकडे जाऊन तेच केलं. "इसमें भी शुरू हुआ है, मगर अभी दो-चार महीने निकालता."

मिस्त्रीनं उजव्या चाकाला कान लावला, फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मले तं काई आवाज नाई आला." मग त्यानंही स्प्रिंगला हात लावून पाहिलं आणि मान हलवली. अब्बांचं बरोबर होतं.

नट सोडवायला बराच वेळ गेला. ब्रेकचा जबडा काढून तो रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून तारेनं बांधून ठेवला. मग हब बाहेर आला. त्यात दोन बेअरिंग असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. आतल्या बाजूचं सील उचकटलं तेव्हा जे ग्रीस दिसलं ते ग्रीससारखं नव्हतंच, दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. "हे पाहा, अंदर पानी गेलं," मिस्त्री म्हणाला. मला नाला आठवला. हायवेवरून दहा-बारा किलोमीटर आल्यावर हब गरम झालेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. रपट्यावर पाणी किती आहे ते अब्बा पाहायचे. पाण्यात शिरण्याआधी चाकं थोडी थंड होऊ द्यावीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं आणि सकाळी सात वाजता त्याला वेळही नव्हता.

मिस्त्रीनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिलं. मी बोटानं फिरवलं तर आत खडीसाखरेचे दाणे असावेत तसं खरखरत होतं. ज्या कड्यावरून छर्रे धावतात तिथं बारीक खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे.

बी.एड.ला असताना मी याच विषयावर सराव पाठ घेतला होता. आमच्या उर्दू पुस्तकात घर्षणाला रगड म्हणतात. टेबलावर जाड शब्दकोश ठेवून एका बोटानं ढकलून दाखवला, हलला नाही. मग त्याच्याखाली आठ गोट्या ठेवल्या आणि फुंकर घातली तरी तो सरकेल असं झालं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. निरीक्षकांनी वहीत शेरा मारला की उदाहरण चांगलं, पण वर्गनियंत्रण कमी. बेअरिंग म्हणजे याहून वेगळं काही नाही. घसरण्याच्या जागी लोळणं आणलं की घर्षण एकदम कमी होतं. 1794 मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या माणसानं बग्गीच्या आसासाठी याचं पेटंट घेतलं होतं. मला त्याहून जवळचा वाटतो तो स्वीडनचा स्वेन विंगक्विस्ट. तो गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत यंत्रं सांभाळायचा. गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन हलायची, त्याबरोबर छताखालचे लांब दांडे वाकडे व्हायचे आणि बेअरिंग एकामागून एक तुटायची. 1907 साली त्यानं असं बेअरिंग बनवलं की दांडा थोडा तिरका झाला तरी ते स्वतःच सावरून घेईल. त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली, तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. आमच्या काळ्या जमिनीत घर बांधणाऱ्याला ही गोष्ट लगेच कळेल. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि दरवर्षी भिंतीला तीच भेग तिथंच पडते. कापूसही इथं आणि माती पण तशी. आमच्याकडच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीलाही असं काही सुचलं असेल, पण त्याचं कोण लिहून ठेवणार?

दुकानात दोन भावांची बेअरिंग होती. स्वस्त डबी मिस्त्रीनं परत सारली, "हे डुप्लिकेट, पावसाळाबी नाई काढणार." दोन्ही चाकांचं सामान, सील आणि ग्रीस धरून चौदाशे रुपयांच्या आसपास गेलं. मी दोन्ही चाकांचं घ्यायला लावलं. अब्बा म्हणत होते उजवं अजून चालेल. पण दहावीच्या मुलींची सहामाही जवळ होती, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवस मुली घरी बसतात. घरी बसलेल्या मुलीसाठी तिसऱ्या दिवशी काही ना काही काम निघतं, हे मी वर्गातल्या रिकाम्या जागांवरून शिकले आहे.

जुनी कडी ठोकून काढायला वेळ लागला. नवी बसवताना मिस्त्री पितळी सळई वापरत होता आणि कडेनं थोडं इथं, थोडं तिथं असं ठोकत होता. फक्त बाहेरच्या कड्यावर ठोकायचं, आतल्या कड्यावर घाव बसला तर तो छऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच जुनं होतं. कडं तळाशी टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्दचा टण्ण होतो. तिथं हात थांबवायचा. मग त्यानं तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबून दाबून ग्रीस छऱ्यांच्या मधून वर येईपर्यंत भरलं, आपण पुरणाचं सारण भरतो तसं. हे काम करताना तो फार खूश दिसत होता. आणि त्याच खुशीत, वर न पाहता, त्यानं विचारलं, "चाचा, हे महिन्यापासून वरडून रायलं असन. तुमाले आवाज नाई आला?"

गॅरेजात रेडिओ चालू होता. अब्बा चाकाकडे पाहत होते. मला वाटलं हाही प्रश्न त्यांना ऐकू आला नाही आणि मला बरं वाटलं. पण ते म्हणाले, "नइ आया." थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "वो बच्ची की आवाज भी नइ आयी थी."

मिस्त्रीला कोणती बच्ची ते ठाऊक नव्हतं. तो ग्रीस भरत राहिला.

ओम्नीत ड्रायव्हर इंजिनवरच बसलेला असतो, सीट उचलली की खाली इंजिन दिसतं. वर्षानुवर्षं त्यावर बसल्यावर कानाचं काय होणार? हे मी आता लिहितेय, तेव्हा आमच्या घरात कुणी हा विचार केला नव्हता. टीव्ही मोठा होत गेला तेव्हा अम्मीनं टीव्हीला दोष दिला. अजान ऐकू येत नाही म्हटलं तेव्हा अब्बा म्हणाले वारा उलटा आहे. मी चाकाला रस्त्याचं नाव दिलं होतं, तसंच हे.

नट आवळून, पिन घालून, दोन्ही चाकं लावून झाल्यावर आम्ही हायवेवर पाच-सहा किलोमीटर फिरून आलो. आत इतकी शांतता होती की मागच्या सीटवर राहिलेल्या कुणाच्या तरी कंपासपेटीचा खुळखुळाट मला ऐकू आला. गॅरेजला परतल्यावर अब्बा उतरले आणि दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून पाहिली. कोमट होते, चटका नव्हता. नट जास्त आवळला गेला असता तर हात ठेववला नसता.

पुढच्या आठवड्यात आम्ही अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अब्बांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर आलेली रेघ मला दाखवली. डावीकडे ती जरा खाली होती, उजवीकडे जाता जाता एकदम घसरत गेली होती. उजवीकडे म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज. डॉक्टर म्हणाले, बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात. अब्बांनी विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं. ते म्हणाले, "मतलब मेरी गाड़ी में जो बैठते हैं, वही."

यंत्राची किंमत ऐकून त्यांनी विषय ईदनंतर ढकलला. पुढे दोन ईदा गेल्या आणि मगच ते घेतलं. आता ते कधी कानात असतं, कधी बॅटरी वाचवण्यासाठी सदऱ्याच्या खिशात.

गाडीचं काय करायचं यावर आमच्या घरी बरंच झालं. अम्मी म्हणाली बंद करा. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, एखादा ड्रायव्हर ठेवा. पण मुलींचे घरवाले परक्या ड्रायव्हरला तयार नव्हते, आणि त्यांची अट मीच मान्य केली होती. मी ज्यांच्या घरी जाऊन बसले होते त्या घरांना हे सगळं सांगितलं, चप्पल मागे राहिली तेही. एका मुलीच्या वडिलांनी तिला पंधरा दिवस पाठवलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग आम्ही ठरवलं ते असं: दरवाजा माझा. शेवटची मुलगी बसेपर्यंत मी खाली उभी राहते, दरवाजा सरकवून खटका लागला का पाहते, पुढे येऊन बसते आणि अब्बांच्या दंडावर दोनदा थाप देते. त्याआधी गाडी हलत नाही. पंधरा दिवसांनी ती मुलगी परत आली.

आणि मी गाडी शिकायला घेतली. छत्तीसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, रविवारी दुपारी, जेव्हा पाहायला कुणी नसतं असं मला वाटत होतं. पाहायला निम्मं मूर्तिजापूर असायचं. लायसन्स 2025 च्या फेब्रुवारीत मिळालं. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी चालवते आणि अब्बा डाव्या सीटवर बसतात. ते बोलत नाहीत, फक्त गिअर बदलायची वेळ झाली की माझ्या आधी त्यांचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलतो.

जुनी बेअरिंग मिस्त्रीनं कागदात गुंडाळून दिली होती. ती गल्लीतल्या पोरांनी नेली आणि फळकुटाला लावून तीनचाकी गाडा केला. सिमेंटच्या रस्त्यावर तो गाडा असा किंचाळतो की दुपारी अम्मी दार लावून घेते.

मिस्त्रीनं सांगितलं होतं की थोडी धावल्यावर एकदा चाक हलवून पाहा, नट सैल झाला असेल तर कळेल. दिवाळीच्या सुटीत आम्ही ते घरासमोरच केलं. जॅक मी लावला. अब्बांनी चाक वर-खाली धरून हलवलं, डुललं नाही. मग म्हणाले, हात अंदर डाल. मी चाकामागून हात घातला, स्प्रिंग थंड आणि धुळकट होती. त्यांनी चाक जोरात फिरवलं.

"क्या लगता?"

मी थोडा वेळ थांबले. चाक फिरतच होतं.

"काही नाही," मी म्हटलं. यंत्र खिशात होतं म्हणून मानही हलवून दाखवली.

त्यांनी मला उजव्या चाकाकडे पाठवलं.